अस्सल कागद आणि खरी गोष्ट

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

‘दुर्मीळ मोडी पत्र उजेडात, इतिहासाला कलाटणी’ अशा मथळ्याच्या बातम्या आपल्या आणि इतरही वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. सोबत छायाचित्र असते. त्यात कागदापेक्षा कागद धरणाऱ्यांची गर्दी जास्त, शिक्क्यावर कुणाचा तरी अंगठा, आणि खाली ओळ, की या पत्रामुळे अमुक घटनेला भक्कम पुरावा मिळाला आहे. पत्राची मूळ मिती, म्हणजे पंचांगाप्रमाणे घातलेली तारीख, काय, ते कुणी कुणाला लिहिले, अस्सल आहे की नक्कल, कुठल्या रुमालात (कागद बांधून ठेवलेल्या गाठोड्यात) होते, यातले काहीच बातमीत नसते. कागद सापडला हे चांगलेच झाले. तक्रार आहे ती ‘पुरावा’ या शब्दाबद्दल. कागद हाती लागणे आणि पुरावा मिळणे यांच्यामध्ये बरेच काम असते. ते कसे चालते, हे वाचकांना एकदा सविस्तर सांगावे म्हणून हे पत्र. लांबले आहे, काटछाट करायचीच झाली तर मितीचा भाग तेवढा राखावा, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात.

सुरुवातीलाच एक गल्लत दूर करायला हवी. कागद अस्सल असणे आणि त्यात लिहिलेले खरे असणे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शाई, कागद, शिक्का, अक्षराचे वळण, मायना (पत्राच्या आरंभीचा ठरावीक मजकूर) सगळे तपासून पत्र त्या काळचेच ठरले, तरी एवढेच सिद्ध होते की त्या माणसाने त्या दिवशी तसे लिहिले. लिहिणारा चुकलेला असेल, ऐकीव सांगत असेल, वरिष्ठांना खूश करत असेल किंवा चक्क खोटे बोलत असेल. इंग्रज वखारींच्या पत्रव्यवहारात शिवाजी महाराजांच्या मृत्यूच्या आवया इतक्या वेळा आल्या, की १६८० साली महाराज खरोखर गेल्यावरही एका पत्रात या अर्थाचा मजकूर येतो: हा इतक्यांदा मेला आहे की काही लोक त्याला अमर समजू लागलेत. आवई कळवणारी ती पत्रे अस्सलच आहेत. महाराजांच्या मृत्यूची तारीख ठरवायला ती निरुपयोगी. मुंबई-सुरतेच्या व्यापाऱ्यांना रायगडावरच्या बातम्या कशा आणि किती उशिरा कळत, हे सांगायला मात्र उत्तम. कागद कामाचा की बिनकामाचा, हे प्रश्न ठरवतो.

उलटही होते. बनावट कागद टाकून द्यायचा नसतो. वतनाच्या तंट्यांत जुन्या नावाने नव्या सनदा करून पुढे केल्या जात, आणि निवाड्याच्या कागदांतच त्यांचा बोभाटा वाचायला मिळतो. पुढे १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने इनामांचे हक्क तपासायला घेतल्यावर तर जुना कागद जवळ असणे ही पोटापाण्याची बाब झाली. त्यामुळे सनद ज्या सालची म्हणून पुढे येते त्या सालाबद्दल ती काही सांगत नसली, तरी ज्या साली ती बनवली गेली त्या सालच्या गरजेबद्दल बरेच सांगते. म्हणून कागद हाती आला की आधी विचारायचे: याचा फायदा कुणाला होता, आणि केव्हा?

आता मिती. रायगडावरचा राज्याभिषेक केव्हा झाला, हे उदाहरण घेऊ, कारण त्यावरून दरवर्षी वाद झडतात. जेधे शकावलीत, म्हणजे मावळातल्या जेधे देशमुखांच्या घरच्या मितीवार टिपणात, नोंद आहे ती शके १५९६, आनंद संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातले त्या वर्षाचे नाव), ज्येष्ठ शुद्ध १२ शुक्रवार, घटी २१ पळे ३४, आणि पुढे ‘तीन घटका रात्र उरली तेव्हा’ महाराज सिंहासनी बसले अशी. राज्याभिषेकापासून सुरू झालेला राज्याभिषेक शक मात्र ज्येष्ठ शुद्ध १३ पासून मोजतात. इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन त्या वेळी गडावर होता. त्याच्या रोजनिशीत तारीख आहे ६ जून. आणि कुणी आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने मोजून १६ जून सांगतो. द्वादशी की त्रयोदशी, शुक्रवार की शनिवार, ६ की १६? चारही जण बरोबर आहेत.

कसे ते पाहा. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. पहाटे तीन घटका रात्र उरली, म्हणजे सूर्योदयाला ७२ मिनिटे अवकाश होता; घटका २४ मिनिटांची. म्हणून शकावलीच्या हिशेबाने अजून शुक्रवारच चालू होता. युरोपीय घड्याळात मध्यरात्रीच शनिवार, ६ जून लागला होता. आता तिथी. पंचांगात तिथीपुढे जी घटी-पळे मांडतात, ती ती तिथी संपण्याची वेळ, सूर्योदयापासून मोजलेली. २१ घटी ३४ पळे म्हणजे साधारण ८ तास ३८ मिनिटे. द्वादशी शुक्रवारी दुपारीच संपली होती. शुक्रवारच्या सूर्योदयाला द्वादशी होती म्हणून दिवसाचे नाव द्वादशी. प्रत्यक्ष सिंहासनारोहणाच्या क्षणी मात्र त्रयोदशी लागलेली. ऑक्झिंडन लिहितो की सकाळी सात-आठच्या सुमारास आपण दरबारात गेलो तेव्हा राजा सिंहासनावर बसलेला होता. बसताना पाहिले असे तो म्हणत नाही, आणि ते पहाटेच्या नोंदीशी जुळते. राहिला ६ आणि १६ चा फरक. इंग्रज तेव्हा जुने ज्युलियन पंचांग वापरत. पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच नवे घेतले होते. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचे अंतर आहे. त्यामुळे एकाच दिवसाबद्दल सुरतेचे इंग्रजी पत्र आणि गोव्याचे पोर्तुगीज पत्र वेगवेगळ्या तारखा सांगतात, आणि दोन्ही पंचांगे ध्यानात न घेणारा त्यांत ‘विसंगती’ शोधून काढतो. इंग्रजांनी बदल केला तो १७५२ च्या सप्टेंबरात. २ तारखेनंतर थेट १४, कारण १७०० पासून अंतर अकरा दिवसांचे झाले होते. त्यानंतरच्या पत्रांना हा फरक लावायचा नाही. हेही विसरले जाते, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या तारखा उगाच अकरा दिवस सरकवल्या जातात.

शक आणि इसवी सन यांच्यात सरसकट ७८ मिळवणे ही दुसरी नेहमीची चूक. शक चैत्रात सुरू होतो, इसवी सन जानेवारीत. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, पुढे फाल्गुन अखेरपर्यंत ७९. शिवजन्माची मिती शके १५५१ फाल्गुन वद्य ३. इथे ७८ मिळवले तर १६२९ येते, आणि ते चूक. ७९ मिळवून १६३०. ज्युलियन १९ फेब्रुवारी. पौष महिना तर दोन्हीकडे सांडलेला असतो. तिथे तिथी पाहिल्याशिवाय वर्ष सांगूच नये.

मिती खरी की मागाहून रचलेली, हे तपासायची सोय त्या मितीतच असते. लिहिणारा शक, संवत्सर, महिना, तिथी, वार आणि कधी नक्षत्रही देतो. हे सगळे एकमेकांशी बांधलेले आहे. संवत्सराचा ताळा सोपा: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १५५१ मध्ये १२ मिळवले की १५६३. साठाने भागून बाकी ३. तिसरे संवत्सर शुक्ल. शकावलीत शुक्लच आहे. १५९६ ला बाकी ४८ येते, अठ्ठेचाळिसावे आनंद. वारही जुळतो: त्या १९ फेब्रुवारीला शुक्रवार येतो आणि नोंदीत शुक्रवार आहे. नक्षत्र हस्त. फाल्गुनी पौर्णिमेला चंद्र फल्गुनी नक्षत्रांपाशी असतो, तिथून तिसऱ्या दिवशी हस्ताजवळ यावा, येतो. पन्नास-शंभर वर्षांनी अंदाजाने तिथी रचणाऱ्याला हे सगळे एकत्र साधणे कठीण. मात्र ताळा जुळला म्हणजे घटना तेव्हाच घडली, असे सिद्ध होत नाही. मिती पंचांग पाहून लिहिलेली आहे, इतकेच म्हणता येते. ताळा चुकला तर काही तरी बिघडले आहे हे मात्र नक्की. बिघाड नक्कलकाराचाही असू शकतो: वद्यचे शुद्ध, ३ चा २. म्हणून लगेच ‘बनावट’ म्हणून ओरडायचे नाही.

मराठी कागदांत याहून जास्त येतो तो सुहूर सन, म्हणजेच मृगसाल. सूर्य मृग नक्षत्रात जातो त्या दिवशी वर्ष बदलते आणि आकडा अरबी शब्दांत लिहितात: एकं, दहं, शतं, सहस्र अशा उलट्या क्रमाने. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, ११६१. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. ११६१ अधिक ६००, बरोबर. यात घसरायला जागा भरपूर. ‘सबा’ सात आणि ‘सबैन’ सत्तर, ‘तिसा’ नऊ आणि ‘तिसैन’ नव्वद, ‘अशर’ दहा आणि ‘अशरीन’ वीस, ‘मया’ शंभर आणि ‘मयातैन’ दोनशे. शब्दाचे शेपूट कसरीने, म्हणजे कागद खाणाऱ्या किडीने, खाल्ले की पत्र दहा, साठ, ऐंशी किंवा थेट शंभर वर्षे मागे जाते. बाळाजी विश्वनाथाच्या काळचे म्हणून आलेले पत्र दुसऱ्या बाजीरावाच्या काळचे निघू शकते, ते असे. महिना बहुधा मुसलमानी असतो आणि तारखेआधी ‘छ’ हे अक्षर असते, ते चंद्राचे. ‘छ १५ रबिलावल’ हे वाचताना ‘छ’ ला सहाचा आकडा समजणाऱ्यांनी क्षमा करावी, पण तसे छापलेले वाचायला मिळते.

मिती उरकली की मायना आणि शिक्का. शिवकालीन राजपत्राचा घाट ठरलेला आहे. माथ्यावर अष्टकोनी राजमुद्रा, ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ने सुरू होणारी, शेवटी मजकूर जिथे संपतो तिथे लहान मुद्रा, ‘मर्यादेयं विराजते’. ही शेवटची मुद्रा शोभेची नव्हे. तिच्यापुढे कुणाला एक ओळही घुसडता येऊ नये, म्हणून ती आहे. लांब पत्रे कागद चिकटवून केलेली असत आणि सांध्यावर मागून शिक्का उमटवत, म्हणजे मधला बंद काढून दुसरा चिकटवला तर शिक्क्याचे दोन तुकडे जुळत नाहीत. सही बहुधा नसतेच. पत्र कारकुनाच्या हातचे असते, त्यामुळे ‘महाराजांचे हस्ताक्षर’ असे छापण्यापूर्वी दहादा विचार करावा. राज्याभिषेकानंतरच्या पत्रांचा मायना बदलतो: राज्याभिषेक शक येतो, ‘क्षत्रियकुलावतंस श्रीराजा शिवछत्रपती’ येते. १६६० च्या म्हणवणाऱ्या पत्रात हा मायना दिसला तर ते एक तर पुढच्या काळातली नक्कल आहे किंवा बनवलेले. बनवणाऱ्याला मोठी नावे आणि मोठे प्रसंग पाठ असतात. त्याचा घात होतो तो क्षुल्लक गोष्टीत, म्हणजे अधिकाऱ्याचे पद, परगण्याचे त्या वेळचे नाव, अजून जन्मालाच न आलेला साक्षीदार.

कागद-शाईबद्दल थोडक्यात. जुनी शाई काजळाची. ती कागद खात नाही आणि काळीच राहते. लोखंडी क्षारांची शाई तपकिरी पडते आणि कागदाला भोके पाडते. जांभळट कृत्रिम रंग १८५६ नंतरचे, आणि लाकडाच्या लगद्याचा कागद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. त्यामुळे अशा शाईचे किंवा अशा कागदावरचे ‘पेशवाईतले’ पत्र दारातच थांबवायचे. घडीकडे भिंगातून पाहावे. आधी लिहून मग घडी पडली असेल तर शाई घडीवर तडकलेली दिसते. जुन्या कोऱ्या कागदावर मागाहून लिहिले असेल तर शाई घडीच्या भेगेत उतरून फुटलेली असते. जुन्या वह्यांतली कोरी पाने बनावटीला कामी येतात, म्हणून एकट्या कागदाच्या वयावर विसंबू नये. चहाच्या पाण्याने पिवळा केलेला कागद सगळीकडे सारखा पिवळा असतो. खरा म्हातारा कागद कडांना, घडीला आणि हात लागतो तिथे जास्त मळतो.

मग वाचन. मोडीत शब्द तोडलेले नसतात. आधी आडवी रेघ ओढून अक्षरे तिला टांगत जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे ‘दिन’ की ‘दीन’ हे संदर्भानेच ठरवायचे. संक्षेपांचा कारभार तर विचारू नका. ‘रा॥’ राजश्री, पण ‘ता॥’ तालुके असेल किंवा तागायतही असेल. त्याच दोन दांड्या आकड्यापुढे आल्या तर त्या अर्ध्याच्या: ‘१०॥’ म्हणजे साडेदहा. एक दांडी पाव, तीन पाऊण. या खुणा लिप्यंतरात गाळल्या की हिशेबाचा कागद बेरजेला चुकतो आणि मग वाचणारा म्हणतो, तेव्हाचे कारकून अडाणी. ते अडाणी नव्हते. जमाखर्चाच्या कागदात तोंडमिळवणी करून पाहणे हीच वाचन तपासण्याची सर्वांत चांगली रीत आहे. बेरीज जुळली तर आकडे बरोबर लागले, नाही तर पुन्हा भिंग घ्यायचे.

चांगल्या लिप्यंतरात तीन गोष्टी वेगळ्या दिसतात: कागदावर जे आहे ते, फाटल्यामुळे किंवा कसरीमुळे गेलेले, आणि वाचणाऱ्याने अंदाजाने भरलेले. ही तिन्ही एकाच टाइपात सलग छापली की पुढच्या माणसाला अंदाजच मूळ वाटतो. नंतरच्या पुस्तकात कंस जातो, त्यानंतरच्या भाषणात ‘बहुधा’ जाते, आणि तिसऱ्या पिढीत तो ‘समकालीन पुरावा’ होऊन बसतो.

बखरींबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात: एक, बखर म्हणजे इतिहास, दुसरे, बखर म्हणजे गप्पा. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा प्रस्तावनेत बखरकारांच्या चुका अस्सल पत्रांशी ताडून दाखवल्या, आणि तेव्हापासून बखरीवर आंधळा विश्वास ठेवायला सबब उरलेली नाही. पण बखर-बखरीत फरक आहे. कृष्णाजी अनंत सभासद महाराजांच्या पदरी वावरलेला. त्याने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिले. मल्हार रामराव चिटणिसाची बखर १८१० च्या आसपासची, म्हणजे महाराजांनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही. सभासदाच्या लेखनात मित्या जवळजवळ नाहीत आणि प्रसंगांचा क्रम कुठे कुठे हलतो. राज्यकारभाराची घडी, माणसांची नावे, दरबारी भाषा यासाठी तो मोलाचा आहे.

आणि आकडे? तिथे गणित करून पाहावे. राज्याभिषेकाला एक कोटी बेचाळीस लाख होन (सोन्याची नाणी) खर्च झाले, असे सभासद सांगतो. ऑक्झिंडन सांगतो की राज्याभिषेकापूर्वी महाराजांची सुवर्णतुला झाली आणि तिला सुमारे १६,००० पगोडे, म्हणजे होन लागले. पगोडा साधारण ३.४ ग्रॅमचा धरला तर १६,००० चे वजन होते ५४ किलो. शिवराई होन थोडा हलका, २.८ ग्रॅमच्या आसपास; त्याने ४५ किलो. सडपातळ माणसाचे वजन म्हणून आकडा पटण्यासारखा. ऑक्झिंडनने होन मोजले नसणार, कुणाकडून तरी ऐकले असणार, तरी सांगणाऱ्याला खरे माहीत होते असे दिसते. आता तेच माप सभासदाच्या आकड्याला लावा: ४० ते ४८ टन सोने. सगळा खर्च सोन्यात झाला नसेल, तो सगळ्याचे मोल होनांत मांडल्याचा आकडा असेल, हे मान्य. तरी हा जमाखर्चातून उतरवलेला आकडा नव्हे. सोहळा केवढा वाटला, हे त्यात सांगितले आहे. ते सांगणेही इतिहासाचेच साधन आहे, फक्त खजिन्याच्या इतिहासाचे नाही.

ऑक्झिंडनलाही सूट नको. सिंहासनाच्या उजवीकडे मोठ्या दातांच्या सोन्याच्या माशांची तोंडे, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि भाल्याच्या टोकावर तराजू, असे त्याने पाहिले. ही साक्ष डोळ्यांची. तराजू न्यायाचे चिन्ह, हा अर्थ. तो त्याने स्वतः लावला असेल किंवा कुणी सांगितला असेल. त्याचा व्यवहार दुभाष्या नारायण शेणव्यामार्फत चाले. एकाच वाक्यात पाहिलेले आणि ऐकलेले मिसळलेले असते. ते चिमट्याने वेगळे करावे लागते.

साक्षी मोजतानाही गफलत होते. ‘दहा ग्रंथांत हाच उल्लेख आहे’ याला काही अर्थ नाही, जर नऊ जणांनी दहाव्यावरून घेतला असेल. पानिपतानंतरचा ‘दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या’ हा सांकेतिक निरोप प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहे. ग्रँट डफच्या १८२६ च्या इंग्रजी इतिहासात तो आहे. लढाईनंतर पासष्ट वर्षांनी. उद्धृत करणाऱ्याने आपण तो डफवरून घेतला की कुठल्या मूळ कागदावरून, एवढे सांगितले तर वाद उरत नाही. न सांगता दहा पुस्तकांची नावे देणे म्हणजे एकाच साक्षीदाराला दहा टोप्या घालून उभे करणे. दोन साधनांत एकच विचित्र चूक आढळली तर ती एकमेकांवरून किंवा एकाच मूळ प्रतीवरून उतरलेली आहेत, असे धरून चालावे. माणसे खरे स्वतंत्रपणे सांगू शकतात. तीच चूक स्वतंत्रपणे करणे दुर्मीळ.

शिवजन्माचा वाद निवळला तो असाच. पूर्वी रूढ असलेली मिती शके १५४९ च्या वैशाखातली, म्हणजे १६२७ ची. ती उत्तरकालीन बखरींतून आलेली. टिळकांच्या हाती आलेली जेधे शकावली १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केली आणि १५५१ ची मिती पुढे आली. एका शकावलीवर कुणी विसंबले नाही, ते बरोबरच होते. ती जेध्यांच्या घरची, त्या घराण्याचा अभिमान तिच्यात असणारच. पण परमानंदाच्या ‘शिवभारता’त तीच मिती निघाली, आणि जोधपूरच्या जुन्या कुंडलीसंग्रहात मिळालेली पत्रिकाही तिच्याशी जुळली. मावळातले देशमुख, संस्कृत कवी आणि राजस्थानातला ज्योतिषी यांनी संगनमत केले असण्याचा संभव नाही. बखरी संख्येने जास्त होत्या, त्या हरल्या. असेच आग्र्याचे. १६६६ मधल्या त्या प्रकरणाबद्दल आंबेर दरबाराच्या माणसांनी आग्र्याहून राजस्थानीत पाठवलेली पत्रे उपलब्ध आहेत. ती ना महाराजांची स्तुती करायला लिहिलेली, ना औरंगजेबाची. धन्याला रोज काय चालले आहे ते कळावे म्हणून लिहिलेली. ज्या गोष्टी सिद्ध करायचा लेखकाचा हेतूच नव्हता, त्या गोष्टींसाठी त्याची साक्ष सर्वांत चांगली.

‘उल्लेख नाही, म्हणजे घडलेच नाही’ हा युक्तिवाद हल्ली फार चालतो, दोन्ही बाजूंनी. मौनाला वजन येते ते एकाच स्थितीत: गोष्ट घडली असती तर या कागदात ती यायलाच हवी होती, असे दाखवता आले पाहिजे. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, त्या दिवशीचा खर्च नसेल तर विचार करावा. शेताच्या बांधाच्या तंट्याच्या महजरात (निवाडापत्रात) लढाईचा उल्लेख नसेल तर त्यातून काहीच निघत नाही. शिवाय काय उरले आणि काय गेले, याचाही हिशेब ठेवावा लागतो. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला. तिथले दफ्तर आज आपल्यापाशी नाही. घराघरांतून टिकले ते वतनाचे, इनामाचे, हक्काचे कागद, कारण त्यांवर पुढची पिढी जगणार होती. म्हणून उपलब्ध कागद वाचले की वाटते, तेव्हाची माणसे फक्त भांडत होती. भांडणाचे कागद जपले गेले, एवढेच. ज्यांच्या नावे वतन नव्हते त्यांचे, आणि बायकांचे जगणे या कागदांत कडेकडेनेच येते.

आता आपल्याकडे मागणे. कागद घेऊन कुणी वार्ताहराकडे आले तर बातमी जरूर द्यावी, पण त्यांच्याकडून काही गोष्टी मागून घ्याव्यात. मूळ मिती कागदावर आहे तशीच, आणि तिचे रूपांतर वेगळे. अक्षरशः लिप्यंतर, निदान ज्या ओळीवर सगळा दावा उभा आहे तिचे. कागद कुठल्या घराण्याच्या किंवा संस्थेच्या संग्रहातला, रुमाल आणि क्रमांक कोणता. आणि अस्सल की नक्कल. ‘अप्रकाशित’ हा शब्द छापण्यापूर्वी राजवाड्यांचे बावीस खंड, सरदेसाईंनी संपादलेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस भाग आणि वासुदेवशास्त्री खऱ्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ एवढे तरी पाहिले का, हे विचारावे. शंभर वर्षांपूर्वी छापलेले पत्र नव्याने ‘सापडू’ शकते. आणि हा कागद आधी न पाहिलेल्या, पण मोडी वाचणाऱ्या एका माणसाला तो दाखवून त्याचे मत घ्यावे. ते ‘सांगता येत नाही’ असे आले तर तसे छापावे.

ज्यांच्या घरी असे रुमाल आहेत त्यांनाही आपल्या स्तंभातून एवढे कळावे: कागद प्लास्टिकमध्ये पक्का बंद करून घेऊ नका, चिकटपट्टी लावू नका, आणि नीटनेटके करण्याच्या भरात तारीखवार लावू नका. कुठला कागद कशाच्या घडीत होता, यावरूनच पुष्कळदा बिनमितीच्या पत्राचे साल लागते; ती जोडी एकदा मोडली की परत जुळत नाही. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा, एक फोटो समोरच्या उजेडात आणि एक तिरक्या उजेडात काढा, म्हणजे पुसट शिक्क्याचा उठाव दिसतो. आणि कोरी आहे असे वाटले तरी कागदाच्या पाठीचा फोटो घ्याच. पत्र मिळाल्याची तारीख, पैवस्ती, पुष्कळदा मागेच टिपलेली असते, आणि छापून आलेल्या छायाचित्रांत आजवर ती बाजू जवळजवळ कधी दिसलेली नाही.

आपला विश्वासू,
मोडी कागदपत्रांचा एक अभ्यासक